407 च्या मागच्या पाट्याचा हँगर चेसिसला वेल्ड करावा का?

टाटा 407 हा छोटा ट्रक, गाडी जुनी, मागच्या पाट्याचा (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) पुढचा हँगर, म्हणजे पाटा चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) धरणारा ब्रॅकेट, रिव्हेट ढिले होऊन हलतोय. तो चेसिसला वेल्ड करून टाकावा का आणि स्प्रिंगमध्ये आणखी दोन पट्ट्या, म्हणजे पाटे, वाढवावेत का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही करू नका.

माझ्या 407 वर मी बरीच वर्षं कराडहून वाशीला भाजी नेली. हाच हँगर मीही वेल्ड करून घेतला होता, कारण काम एका दुपारी होत होतं. आठेक महिन्यांनी पंक्चर काढायला गाडीखाली गेलो, तेव्हा वेल्डिंगच्या अगदी कडेला केसासारखी चीर दिसली. चेसिसच्या खालच्या पट्टीतून निघून ती उभ्या भागात चढली होती. त्याच आठवड्यात खंबाटकी घाट मी भरल्या गाडीनं उतरलो होतो. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

पाट्याचं पुढचं टोक नुसतं वजन पेलत नाही. चाकांनी गाडी पुढे ढकलली तरी तो जोर याच हँगरमधून चेसिसला जातो आणि ब्रेक मारला की उलटा जोरही तिथेच येतो. मागचं टोक शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर, झुलतं, कारण माल भरला की पाटा सपाट होऊन लांब होतो, त्याला सरकायला जागा लागते. खड्ड्यात चेसिस मुरडते आणि तशी ती मुरडायलाच हवी. वेल्डिंगनं तिचा एक तुकडा ताठ होतो, शेजारचं पोलाद तापून बिघडतं आणि पुढची प्रत्येक मुरड त्याच कडेवर येते.

म्हणून ढिले रिव्हेट ग्राइंडरनं डोकी उडवून काढा आणि हँगर उतरवा. त्यामागची चेसिस तारेच्या ब्रशनं पांढरी होईपर्यंत घासा, चीर असलीच तर ती तिथेच सापडते. भोकं लांबट झाली असतील तर रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) फिरवून पुढच्या मापाची गोल करा आणि 10.9 ग्रेडचे (जास्त ताकदीचे) घट्ट बसणारे बोल्ट, लॉक नट लावून टाका. बोल्ट भोकात खुळखुळला तर सगळी मेहनत वाया. चेसिसच्या आडव्या पट्टीत नवीन भोक अजिबात पाडू नका.

चीर निघाली तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवा, खाच करून 7018 नंबरच्या कोरड्या वेल्डिंग रॉडनं भरा, घासून सपाट करा आणि वरून पट्टी बोल्टनं बसवा. पट्टीची टोकं तिरकी कापा. सरळ कापली की त्याच रेषेवर पुन्हा तुटतं. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा.

पाटा सोडताना चेसिस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) आणि ॲक्सल वेगळ्या जॅकवर हवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, पाट्यात जोर साठलेला असतो.

पाटे वाढवून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. टायर, ब्रेक, ॲक्सल आहेत तेच राहतात. रिकामी गाडी मात्र आपटते आणि तो मार पुन्हा याच हँगरला बसतो. मागून गाडी बसलेली दिसत असेल तर पाटे उतरवून कमानवाल्याकडून कमान भरून, म्हणजे पाट्यांना पुन्हा बाक देऊन, घ्या, तुटलेला पाटा बदला. लांब शॅकल लावायचा सल्लाही मिळेल. शॅकल दोन इंच वाढवला तर गाडी जेमतेम एक इंच उचलते आणि प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो तो वेगळाच.

बुश, पिन आणि पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या. जुना यू-बोल्ट ताणलेला असतो. तो ढिला राहिला की पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट कातरला जातो आणि ॲक्सल जागेवरून सरकतो. यू-बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळत कसा. मग दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावून माप जुळवा. पहिली भरलेली खेप करून आलात की माल उतरवायच्या आधी यू-बोल्टचे नट परत एकदा कसा. माझ्या गाडीला तेव्हा प्रत्येक नट पाव फेरा आणखी आवळला गेला होता.