संशोधन सेमिनारमधले निम्मेही कळत नसेल, तर तो ऐकावा का?

आपण सांगलीत एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहात, ग्राफ थिअरी (शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांचे गणित) आणि ऑप्टिमायझेशन (सर्वोत्तम पर्याय शोधण्याचे गणित) हे आपल्या आवडीचे विषय आहेत, परदेशी विद्यापीठांतील सेमिनारची रेकॉर्डिंग आपण नियमित पाहता, पण पहिल्या पंधरा मिनिटांनंतर सगळे डोक्यावरून जाते. मग हा वेळ फुकट जातो का, असे आपण विचारले आहे. मी याच शहरात पदव्युत्तर वर्गांना गणित शिकवते. माझे मत असे, की ऐकावे. मात्र वर्गातल्या तासासारखे ऐकू नये.

आपल्या अभ्यासक्रमातील सेमिनारला गुण असतात, त्यामुळे विद्यार्थी पुस्तकातले प्रकरण मांडतो आणि ते त्याला आले आहे की नाही, एवढेच परीक्षक पाहतात. संशोधन सेमिनारमध्ये तशी अपेक्षा वक्त्याकडूनही नसते आणि श्रोत्यांकडूनही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९६७ पासून कॉम्बिनेटोरिक्स (मांडणी आणि मोजणीचे गणित) आणि ऑप्टिमायझेशनचा स्वतंत्र विभाग आहे. तिथेही कोणी मॅट्रॉइडवर (रेषीय स्वातंत्र्याच्या कल्पनेचे अमूर्त रूप) काम करतो, तर कोणी क्रिप्टोग्राफीवर (गुप्तलेखन), त्यामुळे दुसऱ्याच्या सिद्धतेचा तपशील सर्वांना शेवटपर्यंत कळतो असे मुळीच नाही. प्रश्न काय आहे, आधी काय माहीत होते आणि आता नवे काय कळले, एवढे बहुतेक सुरुवातीलाच सांगून होते, आणि आपल्या वाट्याचे तेवढेच आहे. ते पदरात पाडून घेण्याचा मला माहीत असलेला एकच खात्रीचा मार्ग म्हणजे प्रमेयाचे विधान येताच रेकॉर्डिंग थांबवून वहीत सर्वांत लहान उदाहरण सोडवणे.

समजा, वक्ता मॅचिंगबद्दल, म्हणजे कोणीही दोन जोड्यांत येणार नाही अशा जोड्या लावण्याबद्दल, बोलतो आहे. ऊसतोडणीच्या टोळ्या एका बाजूला आणि फड दुसऱ्या बाजूला, एका टोळीला फार तर एक फड आणि एका फडाला फार तर एक टोळी, अशी मांडणी असेल, तर लिनियर प्रोग्रामिंगने (रेषीय अटी पाळून सर्वोत्तम उत्तर काढण्याच्या पद्धतीने) शक्य उत्तरांच्या प्रदेशाच्या कोपऱ्यावर मिळणाऱ्या सर्वोत्तम उत्तरात अपूर्णांक येत नाहीत. अर्धी टोळी इकडे आणि अर्धी तिकडे पाठवण्याची वेळ येत नाही. आता दोन बाजू काढून टाका. तीन विद्यार्थी घ्या. कोणत्याही दोघांची प्रोजेक्टसाठी जोडी लागू शकते, म्हणजे ग्राफ हा त्रिकोण झाला. प्रत्येक कडेला, म्हणजे शक्य जोडीला, ½ ही किंमत दिली (१ म्हणजे जोडी घेतली, ० म्हणजे नाही), तर प्रत्येक शिरोबिंदूवरची, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कडांची, बेरीज १ येते, ती १ पेक्षा जास्त नसावी ही अट पाळली जाते आणि एकूण बेरीज १½ होते. प्रत्यक्षात मात्र जोडी एकच लागते. म्हणून तिन्ही कडांच्या किमतींची बेरीज १ पेक्षा जास्त नसावी, अशी वेगळी असमता घालावी लागते. पाच जणांच्या गटाला २ ची मर्यादा, सात जणांच्या गटाला ३ ची, याप्रमाणे विषम संख्येच्या प्रत्येक गटाला एकेक असमता. एवढ्या असमता घातल्या की पुरे, आणखी कशाची गरज नाही, हे गणितज्ञ जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्ये सिद्ध केले.

इथे लगेच पेन खाली ठेवू नका. पन्नास शिरोबिंदू असतील, तर विषम गट किती? २ चा ४९ वा घात, म्हणजे ५६० लाख कोटींहून जास्त. तरीही एडमंड्स यांची पद्धत त्या सर्व असमता लिहून न काढता बहुपदी वेळेत (शिरोबिंदू वाढले तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळेत) सर्वोत्तम मॅचिंग शोधते. मग नवी चले घेऊन हीच यादी आटोपशीर करता येईल का? थोमास रोथफोस यांनी २०१४ मध्ये दाखवले, की येणार नाही; कितीही चले वाढवली, तरी असमतांची संख्या घातांकीच (शिरोबिंदू वाढतील तशी पटीपटीने वाढणारी) राहते. सेमिनारमध्ये हे विधान एका स्लाइडवर, अर्ध्या मिनिटात येऊन जाते. त्याची सिद्धता मी आपल्याला इथे सांगू शकणार नाही. पण ज्याने त्रिकोण स्वतः सोडवला आहे, त्याला हा दावा नेमका कशाबद्दल आहे हे कळते, आणि एका व्याख्यानातून तेवढे हाती लागले तरी पुष्कळ झाले.

लहान उदाहरणावर फार विसंबूनही चालत नाही. लॅटिन चौरस म्हणजे प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणारा चौकोनी तक्ता, आणि त्याचा क्रम म्हणजे ओळींची संख्या; असे दोन तक्ते एकमेकांवर ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच येत असेल, तर ते परस्पर लंबकोनी. ४क + २ या रूपातील कोणत्याही क्रमाचे परस्पर लंबकोनी लॅटिन चौरस नसतात, असा अंदाज गणितज्ञ ऑयलर यांनी १७८२ मध्ये मांडला. २ आणि ६ या क्रमांना तो खराही आहे. परंतु १९५९ मध्ये राज चंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी १० आणि त्यापुढील अशा प्रत्येक क्रमासाठी तो खोटा ठरवला. (श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते याचे मला वाईट वाटते.) लहान उदाहरणाने विधान समजते, ते खरे आहे की नाही, हे ठरत नाही.

बाकीचे थोडक्यात सांगते. व्याख्यानाचा गोषवारा आदल्या दिवशी वाचावा आणि त्यातील अनोळखी व्याख्या तेव्हाच पाहून ठेवाव्यात. वॉटर्लूला उन्हाळ्यात दुपारी साडेतीनला सुरू होणारे व्याख्यान आपल्याकडे रात्री एकला येते, तेव्हा जागरण करण्यापेक्षा रेकॉर्डिंगच बरे. स्लाइड उतरवून घेत बसू नये. एका विषयावरची दोन-तीन व्याख्याने लागोपाठ ऐकावीत, कारण व्याख्या त्याच असतात आणि दुसऱ्या खेपेला त्या अडवत नाहीत. वक्त्याला ईमेल करायचा झाला, तर 'मला समजले नाही' असे मोघम लिहू नये. आपण सोडवलेले उदाहरण लिहून आपली गाडी नेमकी कोणत्या पायरीवर अडली, ते विचारावे. अशा प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते.