सहा कोरींसाठी टाकी केवढी? आधी तळ मोजा

तुमचा प्रश्न वाचला. रत्नागिरीजवळ घर, पाणी विहिरीचं, आणि मुलीला सहा ब्राँझ कोरी, म्हणजे तळाशी राहणारे छोटे मिशीवाले मासे, पाळायचे आहेत. काचवाल्याने तळ १२ × १२ इंच आणि उंची २४ इंच अशी टाकी सुचवली आहे, कोपऱ्यात नीट बसेल म्हणून. पाणी ५६ लिटर मावतं, तर चालेल का?

नाही चालणार. अडचण लिटरची नाही, तळाची आहे. त्याच काचवाल्याला २४ × १२ × १२ ची आडवी टाकी करायला सांगा. पाणी तेवढंच, ५६ लिटर. पण तळ एक चौरस फुटाचा दोन चौरस फूट होतो. काचही थोडी कमीच लागते, आणि पाण्याची उंची निम्मी झाल्यामुळे खालच्या काचेवरचा दाबही निम्मा होतो.

कोरीचं सगळं आयुष्य तळाशी जातं. दिवसभर मिशांनी वाळू चाचपत, तोंड वाळूत खुपसून खाणं शोधत तो हिंडतो, आणि एकटा कधी हिंडत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यानद्यांत हे मासे थव्याने राहतात, म्हणून सहापेक्षा कमी आणू नयेत. ब्राँझ कोरी वाढून सहा-सात सेंटिमीटरचा होतो. असे सहा मासे एका फुटाच्या चौकोनात सोडले तर वळायच्या आत समोर काच येते. वरची दीड फूट उंची त्यांच्या फारशी कामाची नाही, उलट त्रासाची. कोरी अधूनमधून सरळ वर झेपावतो, हवेचा घोट घेतो आणि परत तळाशी येतो. ती हवा तो आतड्यातून शोषतो. हे नैसर्गिक आहे, घाबरू नका. पण दर वेळी दोन फूट वर जाऊन यायला लावण्यापेक्षा एक-सव्वा फूट पाणी त्याला सोयीचं.

आता ५६ लिटर हा आकडाही पुरता खरा नाही. तळाशी दोन इंच वाळू घातलीत, वर दीड इंच मोकळं ठेवलंत, की आडव्या टाकीत पाणी उरतं जेमतेम ४०. सहा कोरींसाठी मी ही सर्वांत लहान टाकी धरतो, आणि तीसुद्धा फक्त कोरी ठेवणार असाल तर. वर टेट्रा, गप्पी असे दुसरे मासे हवे असतील तर ३६ × १५ × १५ ची करा. तळ पावणेचार चौरस फूट, पाणी काठोकाठ १३२ लिटर. माझा कौल यालाच आहे. मुलीचा हट्ट म्हणून आज लहान टाकी घ्याल आणि वर्षभरात दुसरी करायला जाल, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

मोठी टाकी सांगण्यामागे आपल्याकडचा उन्हाळाही आहे. मी मालवणचा. माझी पहिली टाकी १८ इंची होती आणि तिच्यात सहा कोरी होते. मे महिन्यात एका रात्री लाईट गेली, एअर पंप थांबला, आणि सकाळी चार मेलेले मिळाले. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी. आणि लहान टाकीत तो संपायलाही वेळ लागत नाही. ते चार मासे अजून आठवतात. तेव्हापासून बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात कायम असतो. तुम्हीही टाकीबरोबरच घ्या. लोक सांगतात, पाण्यावर पंखा लावा. घाटावर त्याचा उपयोग चांगला होतो, कारण पाणी वाफ होऊन गार होतं. आपल्या दमट हवेत वाफ कमी होते, म्हणून गारवाही कमी मिळतो. बर्फाची बाटली सोडली तर ४० लिटरचं पाणी झटकन गार होऊन परत झटकन तापतं, आणि हा हेलकावा माशाला उष्म्याइतकाच वाईट. पाणी जास्त असेल तर चढउतार सावकाश होतो. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. माजघरात, ऊन न येणाऱ्या जागी ठेवा.

कोरीची जात निवडतानाही उष्मा लक्षात घ्या. ब्राँझ ठीक, स्टरबाय त्याहून बरा, तो २८ अंशांपर्यंत सुखात राहतो. पांडा आणि पेपर्ड दिसायला कितीही गोड असले तरी थंड पाण्याचे. किनाऱ्यावर आणू नका. नदीतली शिंगटी पकडून यांच्यात सोडायचा विचारही नको. ती वाढते आणि तोंडात मावेल ते खाते.

वाळूबद्दल कळकळीने सांगतो. समुद्र जवळ असला की पहिला हात किनाऱ्यावरच्या वाळूला जातो. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ धुतलं जातं, पण चुरा पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करत राहतो. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं आणि कोरीला तेच मानवतं. ते का बिघडवायचं? नदीची बारीक, गोलसर वाळू घ्या, चाळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. थोड्या वाळूवर व्हिनेगर टाका, फसफसली तर ती वाळू नको. टोकदार खडी तर नकोच, मिशा झिजून जखमा होतात. विहीर खाडीच्या बाजूला असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं का, घरातल्या मोठ्यांना विचारा. होत असेल तर त्या दिवसांत पाणी बदलायला नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवा, आणि क्लोरीन काढायचं औषध घालूनच वापरा.

स्टँडचंही बघा. तीन फुटी टाकी वाळू-काचेसकट दीडशे किलोच्या वर जाते. भुशाच्या बोर्डाचं टेबल आपल्या पावसाळ्यात फुगतं, त्यावर ठेवू नका. लोखंडी स्टँड रंगवून घ्या, खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. टाकीखाली थर्माकोलची शीट हवीच.

टाकी भरल्यावर फिल्टर महिना-सव्वा महिना चालू द्या, मगच मासे. मुंबईहून आणणार असाल तर रात्रीची गाडी धरा आणि दुकानदाराला एका पिशवीत दोन-तीनच कोरी, दुहेरी पिशवीत भरायला सांगा. त्यांच्या कल्ल्याजवळच्या काट्यांनी पिशवी फाटते. घाबरलेला कोरी विषारी स्राव सोडतो, आणि दाटीवाटीच्या पिशवीत त्यानेच सगळे मरतात. घरी टाकीत सोडताना जाळीही वापरू नका, काटे अडकतात; प्लास्टिकच्या वाटीने उचला.