सहा कादंबऱ्या आणि एक खोडलेलं वाक्य

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. मला लेखिका व्हायचंय. रोज सकाळी पन्नास पानं वाचते, नवे शब्द वहीत उतरवते (आतापर्यंत नऊशे झाले), रात्री दहा ते अकरा लिहायला बसते. दोन वर्षांत सहा कादंबऱ्या सुरू केल्या, पुरी एकही झाली नाही. सगळ्यात लांब गेलेली चौतिसाव्या पानावर अडकली. आई विचारते, "यातून पुढे काय?" तिला काय सांगू? कॉलेज सोडून पूर्णवेळ लिहू का? सोबत वहीतल्या दोन पानांचे फोटो पाठवतेय.

उत्तर : कॉलेज सोडू नकोस. हे एका वाक्यात संपणारं होतं म्हणून आधी सांगून टाकलं. तुझ्याकडे वेळ कमी आहे असं मला पत्रातून दिसत नाही. रात्रीचा एक तास तू दोन वर्षं सांभाळलास, ही लहान गोष्ट नाही. पण एकाचे आठ तास झाले तर आत्ताच्या सवयीने सहाऐवजी वीस कादंबऱ्या अर्धवट राहतील, एवढाच फरक पडेल.

आता वहीकडे येतो. घर बदलण्याचा प्रसंग असलेलं पान मी फोटो मोठा करून तीनदा वाचलं. तू लिहिलंयस : 'रिकाम्या घरात एक उदास शांतता पसरली होती. भूतकाळाच्या आठवणी मनात दाटून आल्या.' त्याच्या वरची ओळ खोडलेली आहे, पण रेघ एकच असल्यामुळे वाचता येते : 'घड्याळ काढून झालं होतं, तरी बाबांनी दोनदा त्या खिळ्याकडे बघितलं.' समासात तुझा स्वतःचाच शेरा, 'फार साधं'.

अगं, ठेवायचं होतं ते हेच वाक्य! उदास शांतता कुणाच्याही घरात पसरते, तो तयार माल आहे. खिळ्याकडे बघणारे बाबा मात्र फक्त तुझ्याकडे आहेत. त्या ओळीत ना दुःख हा शब्द आहे ना आठवण, पण इतकी वर्षं मान कुठे वळायची ते कळतं आणि पुढचं वाचणारा समजून घेतो. तू बघतेस चांगलं, फक्त बघितलेलं तुला साहित्यिक वाटत नाही, म्हणून खोडतेस आणि त्या जागी वाचनातून आलेलं काहीतरी ठेवतेस.

दुसऱ्या फोटोत शब्दांची वही आहे. कातर, धूसर, अथांग, गूढरम्य, विषण्ण... पानभर विशेषणं. क्रियापद मला एकही सापडलं नाही. मराठीत माणूस नुसता बघत नाही. तो न्याहाळतो, डोकावतो, टक लावतो, कानाडोळाही करतो, आणि प्रत्येक वेळी तो वेगळा माणूस असतो. वही बंद करू नकोस, पण महिनाभर तिच्यात फक्त क्रियापदं येऊ देत : चाचपणं, घुटमळणं, निथळणं, खरवडणं, हिसडणं. शब्द सुटा उतरवू नकोस, तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिही. नाहीतर त्याचं गणगोत मागेच राहतं.

पन्नास पानं वाचतेस, छान. त्यातली वीस कमी कर आणि वाचलेला वेळ अठराव्या शतकातला अमेरिकन लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याच्या एका जुन्या युक्तीला दे. तो किशोरवयात भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता, तेव्हा लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याच्या हाती लागला. लेख इतके आवडले की तसं लिहायला शिकायचं त्याने ठरवलं. लेखातल्या वाक्यावाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवस तो लेख बाजूला टाकायचा, मग केवळ टिपणांवरून सगळा लेख आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचा आणि मूळ लेखाशेजारी ठेवून चुका शोधायच्या. कधी तो टिपणांचे कागद मुद्दाम विस्कटायचा आणि काही आठवड्यांनी त्यांचा क्रम पुन्हा लावायचा. विचारांची मांडणी तो अशी शिकला.

तू हे एका परिच्छेदावर कर, आठवड्यातून दोनदा. पहिल्या दोन-तीन खेपांना मूळ लेखकाने जे आठ शब्दांत सांगितलं त्याला तुला अठरा लागलेले दिसतील आणि चिडचिड होईल. होऊ दे. हे लिखाण कुठे पाठवायचं नाही, हा रियाज आहे.

चौतिसावं पान हा खरा गुंता. कादंबरी तिथे अडकते कारण सुरुवात उत्साहावर निघते, मधला भाग मात्र रचनेवर चालतो, आणि रचना हाताखालून गेल्याशिवाय येत नाही. शेवट कसा करायचा हे शेवट करूनच कळतं. तू सहा सुरुवाती केल्यास, म्हणजे सुरुवातीचा सराव सहापट आणि शेवटाचा शून्य! म्हणून सहाही वह्या सहा महिन्यांसाठी कपाटात. या काळात फक्त कथा, एक-दीड हजार शब्दांच्या. वाईट झाली तरी शेवटपर्यंत न्यायची, आठवडाभर झाकून ठेवायची, मग मोठ्याने वाचत दुरुस्त करायची. जिथे जीभ अडखळते तिथे बहुतेक वेळा वाक्यच अडखळलेलं असतं.

रात्रीचा तास तसाच राहू दे. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलॉप ब्रिटनच्या टपाल खात्यात १८३४ ते १८६७ नोकरीला होता. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचा, मग समोर घड्याळ ठेवून पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द या हिशेबाने लिहायचा. त्याच्या नावावर सत्तेचाळीस कादंबऱ्या आहेत. त्याचा वेग तू घेऊ नकोस, मलाही तो जरा भीतीदायक वाटतो. तो पहिला अर्धा तास मात्र घे, तुझ्या तासातली दहा मिनिटं तरी. काल कुठे थांबलो होतो हे आठवलं की कोऱ्या पानाची धास्ती निम्मी होते.

पोटापाण्याचं थोडक्यात. निव्वळ कथा-कादंबऱ्यांवर घर चालवणारे लेखक कुठल्याही भाषेत थोडेच असतात, हे आईपासून लपवू नकोस. पण मुद्रितशोधन, संपादन, भाषांतर, उपशीर्षकं, संहितालेखन, जाहिरातलेखन, तांत्रिक लेखन ही सगळी भाषेवर चालणारी कामं आहेत. पदवीसोबत यातलं एक निवड. माझं मत विचारशील तर भाषांतर. दुसऱ्याच्या वाक्यात इतकं खोल शिरायला दुसरं कुठलंच काम लावत नाही. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, दोन मुलगे वाढवत होत्या, आणि त्यांची पहिली कादंबरी १९७० साली आली तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. तू एकोणीसची आहेस, घाई कुणाला आहे? हो, आणि 'तुमची कथा संग्रहात घेतो, सहभागशुल्क भरा' असा निरोप आला तर सोडून दे. साभार परत आलेली कथा त्यापेक्षा बरी, तिला खर्च येत नाही.

राहिला आईचा प्रश्न. चार पानांच्या पत्रात तू आईला काही वाचायला दिल्याचा उल्लेख कुठेच नाही. देणार तरी काय, पुरं काहीच झालेलं नाही. दोन वर्षं ती बंद दाराआड जळणारा दिवा तेवढा बघतेय, मग ती 'पुढे काय' असंच विचारणार. पहिली कथा त्या घड्याळाचीच लिही, खोडलेली ओळ परत घेऊन. पुरी झाली की स्वच्छ अक्षरात उतरवून आईच्या हातात दे. ती वाचत असताना समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहू नकोस, दुसऱ्या खोलीत जा. आणि ती कुठल्या ओळीवर थांबली होती तेवढं नंतर विचार, मला कळव.