बोअरचे पॉइंट रडारने निघतील का?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय भौतिकशास्त्र, गणित आणि भूशास्त्र. जीपीआर म्हणजे जमिनीत रडारलहरी सोडून पाणी शोधतात, असं कळलं. महिनाभराचा कोर्स करून गावोगाव बोअरचे पॉइंट काढून द्यायचा व्यवसाय करता येईल का?

उत्तर : त्या हिशेबाने फी भरू नकोस. रडारलहरींचा खरा शत्रू म्हणजे वीज वाहून नेणारी माती, आणि तुमची काळी चिकणमाती त्यात अव्वल. मातीची वाहकता मीटरला 50 मिलिसिमेन्स आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक (लहर मातीत किती मंदावते ते सांगणारा आकडा) 16 धरला, तर लहर मीटरमागे साधारण 20 डेसिबल गमावते. मीटरभर खाली जाऊन परत यायचं तर 40, म्हणजे शक्तीचा दहा हजारावा भाग हातात. दोन मीटरवरून परत येता येता सगळा गोंगाटच उरतो, संकेत ओळखू येत नाही. तुमच्याकडच्या बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांत, त्याच्या कितीतरी खाली. तिथे जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजणारा रेझिस्टिव्हिटी सर्व्हेच कामाचा, आणि तोही पाण्याची हमी देत नाही. रडार दाखवून 'दोनशे फुटांवर झरा आहे' म्हणणाऱ्यात आणि नारळवाल्या पाणाड्यात फरक फक्त भाड्याचा.

कोरड्या वाळूत हेच यंत्र 100 मेगाहर्ट्झच्या अँटेनाने दहा मीटर आणि त्याहून खालचं दाखवू शकतं. जाड वाळूत पाण्याची पातळी ठळक रेघेसारखी उमटते. बारीक गाळात मात्र केशाकर्षणाने पाणी वर चढलेलं असतं, ओलावा हळूहळू वाढत जातो आणि रेघ पुसट होते किंवा खऱ्या पातळीच्या वरच दिसते. नवशिक्यांची विहिरीशी तुलना इथेच चुकते.

तुझ्या मातीत रडारचं काम वरच्या हात-दीड हातातलं : ओलावा मोजणं, वापसा कुठे आला ते पाहणं. समजा लोखंडी पाइप अर्धा मीटर खोल पुरला आणि त्याचा प्रतिध्वनी 14 नॅनोसेकंदांनी आला. जाऊन-येऊन अंतर 1 मीटर, म्हणून वेग 0.071 मीटर प्रति नॅनोसेकंद. प्रकाशाच्या 0.3 ला त्याने भागून वर्ग केला की स्थिरांक सुमारे 17.6. स्थिरांकावरून ओलावा काढणाऱ्या टॉप यांच्या 1980च्या समीकरणात घातला की आकारमानी ओलावा (मातीच्या आकारमानातला पाण्याचा वाटा) 31 टक्के. मग त्याच जागची माती 105 अंशांवर 24 तास भट्टीत वाळवून ताडून बघ. वजनी ओलावा (कोरड्या मातीच्या वजनाशी पाण्याचं प्रमाण) 24 टक्के आला तर रडार चुकलं म्हणून घाबरू नकोस. कोरडी घनता 1.3 असेल तर 24 गुणिले 1.3, म्हणजे 31च. हा गुणाकार विसरणारे पुष्कळ. मात्र टॉपचं समीकरण चिकणमातीत भरवशाचं नाही, कारण कणांना चिकटलेलं पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत नाही. त्यामुळे आपल्या मातीसाठी वेगळं कॅलिब्रेशन लागतं. उन्हाळ्यात भेगांतली हवाही आकडे बिघडवते.

ओलाव्याचं काम बहुतेक संशोधनातलं आहे. जीपीआरची रोजची खाजगी कामं शहरात मिळतात : खोदकामाआधी केबल आणि पाइप शोधणं. त्यासाठी महिन्याचा कोर्स पुरतो. पाण्याच्याच कामात राहायचं असेल तर भूभौतिकीची एमएस्सी हवी. आयआयटी मुंबई आणि धनबादच्या आयएसएमसाठी जॅम ही एमएस्सी प्रवेशाची परीक्षा द्यावी लागते. भौतिकशास्त्र आणि गणित पदवीपर्यंत सोडू नकोस. केंद्रीय भूजल मंडळातली भूभौतिकीची 'शास्त्रज्ञ ब' पदं यूपीएससीच्या कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भरतात.

तोवर रडारलहरींचा प्रवास संगणकावर उभा करणारं जीपीआरमॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घे. त्यासाठी थोडं पायथन लागेल. वरचाच पाइप, स्थिरांक 17.6 आणि अँटेना 400 मेगाहर्ट्झची ठेवून प्रतिध्वनी काढ. मग वाहकता मीटरला 5, 20, 50 मिलिसिमेन्स अशी वाढवत ने आणि पाइपचा कमानीसारखा वक्र कितव्या आकड्याला दिसेनासा होतो ते वहीत टिपून ठेव.