तांबं-झिओलाइटच्या कामासाठी परदेशी निघण्याआधी

तुम्ही विचारलंय की परदेशातल्या प्रयोगशाळेत इंधनातलं गंधक काढण्याच्या प्रकल्पावर निवड झालीये, अधिशोषक (गंधकाची संयुगं पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ) तांबं बसवलेला वाय झिओलाइट आहे (झिओलाइट म्हणजे सिलिकॉन-ॲल्युमिनियमचा सूक्ष्म छिद्रांचा पदार्थ, वाय हा त्याचा प्रकार), तर तयारी काय करावी आणि स्वतःचे नमुने सोबत न्यावेत का.

नमुने नेऊ नका. सामानातल्या अनोळखी पुडीवरून कस्टममध्ये अडकाल, आणि पोचेपर्यंत ती ओलावा पिऊन बसलेली असेल. त्याऐवजी मूळ सोडियम-वायचा (तांबं बसवण्याआधीच्या, सोडियम असलेल्या वाय झिओलाइटचा) लॉट क्रमांक, सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर आणि आयन-विनिमयाची, म्हणजे सोडियमच्या जागी तांबं बसवण्याची, सविस्तर कृती वहीत घ्या, जुन्या मार्गदर्शकांची परवानगी घेऊन.

हिशेब मात्र आत्ताच पक्का करा. उघड्या हवेतल्या सोडियम-वायमध्ये वजनाच्या पाव भागापर्यंत पाणी असतं. १० ग्रॅम पूड म्हणजे खरा झिओलाइट साडेसात ग्रॅम. गुणोत्तर २.४ असेल तर कोरड्या ग्रॅममागे सुमारे ४.४ मिलिमोल सोडियम, एकूण ३३. तांब्याचा एक आयन दोन सोडियमच्या जागी बसतो, म्हणून सममूल्य तांबं १६.५ मिलिमोल, म्हणजे ट्रायहायड्रेट कॉपर नायट्रेट साधारण ४ ग्रॅम. एका फेरीत सगळं सोडियम निघत नाही. जास्तीचं द्रावण घेऊन दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. मिश्रणाचा सामू (pH) वाढू दिलात तर तांब्याचं हायड्रॉक्साइड कणांवर साचतं आणि विश्लेषणात भरपूर तांबं दिसून फसगत होते. खूण सोपी आहे: तांब्याच्या मोलची दुप्पट अधिक उरलेलं सोडियम ही बेरीज ॲल्युमिनियमपेक्षा बरीच जास्त आली, तर हायड्रॉक्साइडचा साका आहे.

खरी कसोटी पुढे आहे. थायोफीनशी (इंधनातल्या कडीच्या आकाराच्या गंधक-संयुगाशी) पाय-बंध (π, ग्रीक अक्षर पाय) जुळवतं ते एकसंयुजी तांबं (Cu⁺). विनिमयानंतर हातात असतं द्विसंयुजी (Cu²⁺). हेलियममध्ये ४५० अंश सेल्सिअसला तासन्‌तास तापवल्यावर ते स्वतःहून क्षपित होतं, म्हणजे एकसंयुजी बनतं. तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनीच चढवा; घाई केली तर अडकलेल्या पाण्याची वाफ झिओलाइटच्या चौकटीतलं ॲल्युमिनियम उखडते. हेलियमच्या वाटेवर ऑक्सिजन आणि ओलावा टिपणारे सापळे हवेतच. क्षपण शक्यतो स्तंभातच (ज्या नळीत अधिशोषक भरून इंधन सोडतात तिच्यातच) करा, कारण भट्टीतून काढताना हवा लागली की मेहनत वाया.

मिशिगन विद्यापीठातल्या राल्फ यांग यांच्या गटाने २००३ मध्ये अशा झिओलाइटने साध्या तापमानाला आणि दाबाला इंधनातलं गंधक काढून दाखवलं. ४,६-डायमिथाइल डायबेंझोथायोफीन या गंधक-संयुगात मिथाइल गट गंधकाला आडोसा देतात, म्हणून हायड्रोजनची नेहमीची प्रक्रिया तिथे अडते; पाय-बंध कड्यामार्फत जुळतो. पण कडी बेंझिन-टोल्युइनलाही असतात, तीही जागा अडवतात. नुसत्या ऑक्टेनमध्ये थायोफीन घालून काढलेली क्षमता फार गोड दिसते, तिच्यावर विसंबू नका. चाचणीच्या द्रवात ॲरोमॅटिक (बेंझिन-टोल्युइनसारखी कडीवाली संयुगं) घाला, पाणी आधी काढा.

वापरलेल्या अधिशोषकाच्या पुनरुज्जीवनात आधी नायट्रोजनने हायड्रोकार्बन पूर्ण हुसकावा, मगच ३५० अंशांच्या आसपास हवा, आणि शेवटी पुन्हा हेलियममध्ये क्षपण. क्रम चुकला तर स्तंभात आग लागू शकते. ॲसिटिलीन असलेला प्रवाह एकसंयुजी तांब्यावर किंवा चांदीवर सोडू नका: तयार होणारी ॲसिटिलाइडं वाळली की धक्क्यानेही स्फोट होतो.

निघण्याआधी तिकडे ईमेलने विचारून घ्या: ग्लोव्हबॉक्स (हवा न लागता काम करायची बंद पेटी) आहे का, स्तंभ ४५० अंश सोसतो का, आणि गॅस क्रोमॅटोग्राफला गंधकाचा डिटेक्टर आहे का. तो नसेल तर मागणी आत्ताच नोंदवायला सांगा, खरेदीला महिने लागतात.