५७० नॅनोमीटर बरोबर आहे, तरी मिथिलीन ब्लूचा रंग जाणार नाही

हायड्रोजन पेरॉक्साइडचा बंध प्रकाशाने तोडायचा आणि त्यातून मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग घालवायचा, त्यासाठी बंधऊर्जेवरून ५७० नॅनोमीटर काढून पिवळा एलईडी लावलाय, ही तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी नेमकी इथेच अडकले होते.

तुमचा आकडा चुकलेला नाही. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध मोलमागे साधारण २१० किलोजूलचा, त्याने भागाकार केला की तरंगलांबी ५७० नॅनोमीटर येते. पण ती फक्त वरची मर्यादा झाली. त्याहून लांब तरंगाच्या एका फोटॉनला बंध तोडणं झेपत नाही, एवढंच ती सांगते. रेणू तो प्रकाश शोषतो का, हे त्या भागाकारात कुठेच येत नाही, आणि शोषला न गेलेला प्रकाश काहीही घडवत नाही. पेरॉक्साइड दृश्य प्रकाश जवळपास शोषतच नाही. २५४ नॅनोमीटरला शोषतं, तेही बेताचंच: मोलर शोषणांक (पदार्थ प्रकाश किती जोरात शोषतो त्याचं माप) १९ च्या आसपास. म्हणून पिवळा एलईडी काढा आणि कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा लावा, तो मुख्यतः २५४ चाच प्रकाश देतो. माझं स्पष्ट मत आहे की आधी यूव्ही (अतिनील) स्पेक्ट्रम, म्हणजे कुठली तरंगलांबी किती शोषली जाते त्याचा आलेख, काढावा, बंधऊर्जेचं गणित नंतर.

आता खरा मनस्ताप. द्रावण ठेवायला आम्ही क्वार्ट्झची नळी मागवली होती, बिलावरही क्वार्ट्झच लिहिलं होतं, आली बोरोसिलिकेटची, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या काचेची. दिसायला दोन्ही सारख्याच, पण बोरोसिलिकेट २५४ अडवते. दिवा जळतोय, द्रावण निळंच! नळी बदलून मागितली, तर खरेदी विभाग म्हणाला, "माल मिळाल्याची सही झालीय, आता काही होणार नाही." पुरवठादाराला साधं पत्रसुद्धा त्यांनी पाठवलं नाही. अख्खं सत्र त्यात गेलं. विद्यार्थ्याच्या वेळेला त्या टेबलावर काडीची किंमत नव्हती, याचा राग अजून आहे.

म्हणून सही करण्याआधी हे करा: टीएलसीची (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीची) एफ२५४ प्लेट २५४ च्या दिव्याखाली धरा, ती हिरवी चमकते. मध्ये नळी आडवी धरा. गडद सावली पडली तर काच, चमक टिकली तर क्वार्ट्झ. यूव्हीचा चष्मा आणि हातमोजे घालूनच, डोळ्यांना इजा व्हायला थोडा वेळही पुरतो.

रंगाचं द्रावण फिकट ठेवा, मिथिलीन ब्लू स्वतःही २५४ शोषतो आणि पेरॉक्साइडच्या वाट्याचा प्रकाश खातो. मी कापडगिरण्यांच्या खऱ्या सांडपाण्यावर काम केलेलं नाही, त्यात क्षार आणि बाकी सेंद्रिय पदार्थही असतात, तेव्हा तिथे प्रमाणं तुमच्या गाइडना विचारूनच ठरवा. पेरॉक्साइड न घालता नुसत्या दिव्याखालचा एक नमुना मात्र नक्की ठेवा, परीक्षक तोच आधी मागतात.