सोळाव्या वर्षी गाजलेला स्पीडवेपटू चोविसाव्या वर्षी कुठे असतो?

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, सात वर्षांपासून पोलंडमध्ये व्रोत्सवाफला राहतो. मुलगा 13 वर्षांचा, सातवीत आहे. दोन वर्षं 125 सीसीच्या गाडीवर मिनी स्पीडवे, म्हणजे मोटरसायकल शर्यतीचा लहान मुलांचा प्रकार, चालवतो. प्रशिक्षक म्हणतात, मुलगा गुणी आहे, पुढे न्या. हे म्हणतात, पुण्यातला फ्लॅट विकू आणि त्याला स्वतःच्या गाड्या घेऊन देऊ. मला मात्र धास्ती वाटते. इथे दर वर्षी एखादा पोरगा 'उद्याचा विश्वविजेता' म्हणून गाजतो आणि पाच वर्षांनी त्याचं नावही ऐकू येत नाही. अशी मुलं खरंच पुढे जातात का? – एक आई

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी सरळ उत्तर. 1996 पासून 2024 पर्यंत 21 वर्षांखालच्या गटाचं विश्वविजेतेपद 16 पोलिश मुलांनी जिंकलं. त्यांपैकी मोठ्यांच्या गटात विश्वविजेता झाला तो एकच, बार्तोश झ्मार्झलिक. तो 2015 मध्ये ज्युनिअर विजेता होता आणि 2019, 2020, 2022, 2023, 2024 व 2025 मध्ये मोठ्यांचा. त्याच्याखेरीज यारोस्वाफ हाम्पेल, क्शिश्तोफ कास्प्शाक, पात्रिक दुदेक आणि मचेय यानोफ्स्की या चौघांना मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत रौप्य किंवा कांस्य मिळालं. म्हणजे 16 मधले 5 जण पदकापर्यंत पोहोचले, आणि हे 16 जण तर त्या वयातले जगातले सर्वोत्तम होते. 2001 चा विजेता दाविद कुयावा पुढे ग्रां प्रीत, म्हणजे मोठ्यांच्या विश्वविजेतेपदाच्या मालिकेत, कधी स्थिरावला नाही. 2006 च्या कारोल झोम्बिकची कारकीर्द दुखापतींनी लवकर संपवली. माक्सिम द्राबिक 2017 आणि 2019 असा दोनदा ज्युनिअर विजेता झाला, पण मोठ्यांच्या मालिकेत त्याला कायमची जागा मिळवता आली नाही.

या आकड्यांनी घाबरून जाऊ नका. विश्वविजेता झाला नाही म्हणजे मुलगा वाया गेला, असं मोजमाप कुणी लावू नये. यानोफ्स्की, दुदेक, प्योत्र पाव्लित्स्की यांनी वर्षानुवर्षं एक्स्त्रालिगात, म्हणजे पोलंडच्या सर्वोच्च क्लब लीगमध्ये, खेळून सन्मानाने पोट भरलं आहे. तुमची खरी काळजी त्यांच्या खालच्या थराची असायला हवी. ज्युनिअर म्हणून दोन-तीन हंगाम चमकून बाविसाव्या वर्षी क्लब, शिक्षण आणि पैसा तिन्ही गमावलेला मुलगा त्या थरात सापडतो. तसं का होतं हे कळलं तर बरंचसं टाळता येतं.

इतर वाचकांसाठी खेळाची थोडी ओळख. स्पीडवेच्या मोठ्या गाडीला 500 सीसीचं एका सिलिंडरचं, मिथेनॉलवर चालणारं इंजिन असतं. गिअर एकच, ब्रेक नाही. चौघे जण लंबगोल ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात आणि वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत नेतात. अशी एक शर्यत, म्हणजे हीट, मिनिटभरात संपते. पहिल्याला 3 गुण, मग 2, 1 आणि 0. क्लबांच्या सामन्यात अशा 15 हीट होतात.

मुलं कुठे अडखळतात, ते पोलिश लीगच्या नियमातच दिसतं. प्रत्येक संघात दोन ज्युनिअर असावेच लागतात. ज्या वर्षी 21 पूर्ण होतात त्या वर्षाअखेरपर्यंत मुलगा ज्युनिअर धरला जातो. सामन्याची दुसरी हीट फक्त ज्युनिअरांची, चारही जण त्याच वयाचे. म्हणजे सोळा ते एकवीस या काळात मुलाची जागा नियमानेच राखलेली असते आणि काही गुण तुलनेने सोप्या स्पर्धेतून येतात. बाविसाव्या वर्षी ती जागा जाते. 2021 पासून एक्स्त्रालिगात 24 वर्षांखालच्या एका खेळाडूची जागा सक्तीची झाली आणि 2022 पासून 24 वर्षांखालच्यांची वेगळी लीगही आहे. त्यामुळे उतार थोडा सौम्य झाला, पण त्या जागेसाठी डेन्मार्क, ऑस्ट्रेलियाची तयार मुलंही रांगेत असतात. चोविसाव्या वर्षानंतर तर जगातल्या कुणाशीही थेट गाठ. म्हणून मुलगा सोळाव्या वर्षी किती जिंकतो, याला मी फार किंमत देत नाही. एकोणिसाव्या वर्षी मोठ्यांविरुद्ध काय करतो, ते बघावं.

हे बघायला तज्ज्ञ लागत नाही, सामन्याचा गुणतक्ता पुरतो. एखाद्या ज्युनिअरपुढे 8+1 (3, 2*, 0, 3) असं लिहिलेलं असतं. आठ गुण आणि एक बोनस. तारांकित 2 म्हणजे तो आपल्याच सहकाऱ्याच्या लगेच मागे आला. यातले पहिले 3 दुसऱ्या, म्हणजे ज्युनिअरांच्या हीटमधले असतील तर ते बाजूला काढा. उरले तीन हीटमध्ये 5. मग घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे लिहा. घरच्या ट्रॅकवर 9 आणि बाहेर 2, असं हंगामभर दिसलं तर मुलाला एकच ट्रॅक पाठ झाला आहे. ट्रॅक कुठे कडक आणि निसरडा असतो, कुठे भुसभुशीत आणि पकड देणारा, आणि एकाच सामन्यातही तो बदलत जातो. अक्षरंही वाचा : 'डी' म्हणजे गाडी बंद पडली, 'यू' म्हणजे पडला, 'डब्ल्यू' म्हणजे पंचांनी बाद केलं, 'टी' म्हणजे सुरुवातीच्या फितीला धडकला. 'डी' वारंवार येत असेल तर कार्यशाळेत गडबड आहे. 'यू' आणि 'डब्ल्यू' वाढले तर मुलगा आपल्या कुवतीबाहेर जोर लावतो आहे. व्रोत्सवाफच्या ज्या मोठ्या मुलांबद्दल तुमच्या घरी बोलणं होतं, त्यांचे दोन हंगामांचे तक्ते असे मांडून बघा. 'नाव ऐकू येत नाही' याचं कारण बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

आता गाड्यांचं. ज्युनिअर असताना बऱ्याच क्लबांत गाडी, इंजिन, टायर क्लब देतो. व्यावसायिक करार झाला की खेळाडू म्हणजे एक छोटा धंदा होतो : दोन-तीन गाड्या, अनेक इंजिनं, मेकॅनिकचा पगार, व्हॅन, डिझेल. इंजिन नुसतं विकत घेऊन भागत नाही. ट्यूनरकडून ते जुळवून घ्यावं लागतं आणि ठरावीक हीट झाल्या की पुन्हा उघडून दुरुस्त करावं लागतं. मागच्या टायरची कड थोड्याच हीटमध्ये झिजते, मग तो रिमवर उलटा बसवून दुसरी कड वापरतात. क्लचच्या चकत्या सुरुवातीच्या झटक्याने जळतात. मिळकत दोन वाटांनी येते, सही करताना मिळणारी रक्कम आणि दर गुणामागे ठरलेला पैसा. गुण घटले की पैसा घटतो, पैसा घटला की इंजिन जुनं राहतं, जुन्या इंजिनावर सुरुवात मागे पडते आणि गुण आणखी घटतात. गुणी मुलं या चक्रात सगळ्यांत जास्त अडकतात. बाविसाव्या वर्षी अचानक यात पडण्यापेक्षा हिशेब आधीपासून माहीत असलेला बरा.

म्हणून तेराव्या वर्षी मुलाला स्वतःची महागडी गाडी देऊ नका, कार्यशाळेत उभं करा. सराव झाल्यावर गाडी धुणं, मिथेनॉल काढून कार्बोरेटर स्वच्छ करणं (ठेवलं तर ते ॲल्युमिनियम खातं), साखळी आणि मागच्या चक्राचे दात तपासणं, क्लचच्या चकत्या मोजणं ही कामं त्याची. मिथेनॉल विषारी आहे आणि उजेडात त्याची ज्योत दिसत नाही, तेव्हा हातमोजे घालून आणि मोठ्या माणसासमोरच. सोबत एक वही : तारीख, ट्रॅक ओला की कोरडा, पुढचं-मागचं दातचक्र, कार्बोरेटरच्या जेटचा (इंधनाच्या छिद्राचा) आकडा, सुरुवात कशी झाली, कुठल्या वळणात गाडी रुंद गेली. सहा महिन्यांत दिसेल की 'गाडी चालत नाही' याच्या पुढे जाऊन तो काही सांगू शकतो का. 'दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना चाक फिरतं पण गाडी पुढे सरकत नाही' असं सांगणारा मुलगा मेकॅनिकला काम देतो. माझ्या मते पुढे टिकणारी मुलं ओळखायची ही सगळ्यांत भरवशाची खूण आहे, ट्रॉफींपेक्षाही.

पुढची दोन-तीन वर्षं शरीराचीही आहेत. गाडीचं किमान वजन नियमाने 77 किलो. त्यावर बसणारा मुलगा वर्षभरात 10 सेंटिमीटर उंच आणि 8 किलो जड झाला तर सगळं गणित बदलतं. सुटताना पुढचं चाक उचलतं, जुना तोल बसत नाही, हँडल आणि पायाची जागा हलवावी लागते, कधी दातचक्र बदलावं लागतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी 'फॉर्म गेला' म्हणतात तो पुष्कळदा एवढाच असतो आणि एका हंगामात परत येतो. या काळात मुलाला वजनासाठी जेवण तोडू देऊ नका. वाढत्या हाडांवर ही उपासमार पडझडीत महागात पडते. सलाइन, इंजेक्शन, पूरक पावडर काहीही असो, क्लबच्या डॉक्टरांनी सुचवलं तरी उत्तेजकविरोधी नियम आधी बघा. 12 तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त द्राव शिरेतून घ्यायला बंदी आहे, मग त्यात नुसती जीवनसत्त्वं का असेनात. द्राबिकला याच कारणावरून एका वर्षाची बंदी भोगावी लागली.

धोक्याबद्दल तुमच्याशी गुळमुळीत बोलणं बरोबर होणार नाही. मे 2016 मध्ये रिबनिकच्या सामन्यातल्या अपघातानंतर 18 वर्षांचा क्रिस्तियान रेम्पावा गेला. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये झ्येलोना गूराला डार्सी वॉर्ड हा दोनदा ज्युनिअर विश्वविजेता झालेला ऑस्ट्रेलियन खेळाडू पडला आणि त्याच्या मणक्याला कायमची इजा झाली. ट्रॅकच्या कडेला लावलेल्या, हवेने फुगवलेल्या बांधांनी धोका कमी केला, संपवला नाही. गळ्याजवळचं हाड मोडणं तर नित्याचं. करिअर मात्र अनेकदा पहिल्या अपघाताने मोडत नाही, लवकर परतण्याने मोडतं. गुणामागे पैसा असल्यामुळे अर्धवट बरा झालेला हात घेऊन मुलं ट्रॅकवर येतात. डोक्याला मार लागला असेल तर क्लबबाहेरच्या डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय गाडीवर बसायचं नाही, हा नियम आज तिघांनी मिळून घरात ठरवा.

शाळेचं वेळापत्रक आत्ताच मांडा, कारण हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर आणि आठवीची राज्य परीक्षा मे महिन्यात. पंधराव्या वर्षी 500 सीसीच्या परवान्याची परीक्षा देता येते आणि सोळा पूर्ण झाल्यावर लीगचा सामना खेळता येतो. म्हणजे परवाना आणि आठवीनंतरची शाळा जवळजवळ एकत्रच येणार. मी तरी पाच वर्षांच्या तेख्निकुमचा (तांत्रिक माध्यमिक शाळेचा), त्यातही वाहन-तंत्राच्या शाखेचा विचार करायला सांगेन. शेवटी मतुरा, म्हणजे इथली बारावीसारखी शालान्त परीक्षा, देता येते, हातात तंत्रज्ञाचं शिक्षण येतं आणि जे शिकेल ते गाडीला उपयोगी पडतं. खेळ सुटला तरी हा मुलगा कुठल्याही कार्यशाळेत उभा राहू शकतो. वैयक्तिक अभ्यासक्रमाची सोय मुख्याध्यापकांकडून मागता येते, पण सामन्यांसाठी शाळा सोडायची नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्यासाठी ती कळीची आहे : नागरिकत्व. संघातल्या ज्युनिअरांच्या राखीव जागा देशी खेळाडूंसाठी आहेत. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्या जागेवर त्याला खेळता येईल का, कोणत्या अटींवर, हे क्लबकडून आणि पोलिश मोटर संघटनेकडून लेखी घ्या. तोंडी 'होईल काहीतरी' चालणार नाही, कारण वर सांगितलेला सगळा जिना याच पायरीवर उभा आहे. करारावर सही करायची वेळ आली की आणखी तीन प्रश्न : क्लब बदलला तर प्रशिक्षणाची भरपाई कोण देणार, दुखापतीच्या काळात इंजिनांचा खर्च कुणाचा, विमा किती रकमेचा. पोलिश वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

फ्लॅट विकू नका. या वयात पैशाने फार तर अर्धा सेकंद विकत मिळतो, आणि त्या अर्ध्या सेकंदाने मुलगा कसा आहे हे झाकलं जातं. झ्मार्झलिकसुद्धा गोझुफजवळच्या वावरुफच्या मिनी ट्रॅकवर लहान गाडीवरच घडला, सतराव्या वर्षी गोझुफच्या ग्रां प्रीत तिसरा आला आणि एकोणिसाव्या वर्षी तीच शर्यत जिंकला. मोठं विजेतेपद त्यानंतर पाच वर्षांनी आलं. तुमच्या यजमानांना ही पाच वर्षं आवर्जून दाखवा.

हा हंगाम त्याला क्लबच्या गाडीवर चालू द्या. पुढच्या वर्षी 250 सीसीवर न्या आणि किमान तीन वेगळ्या शहरांच्या ट्रॅकवर सराव मागून घ्या. प्रशिक्षकांना 'गुणी आहे का' हे विचारू नका, ते हो म्हणतीलच. तुमच्या हाताखालच्या गेल्या दहा वर्षांतल्या किती मुलांना 500 चा परवाना मिळाला आणि त्यांतले आज किती जण लीगमध्ये खेळतात, हे विचारा. चांगला प्रशिक्षक नावांसकट सांगेल. नोव्हेंबरात ट्रॅक बंद झाले की मुलाची वही आणि ही नावं समोर ठेवून मला पुन्हा लिहा, 500 चा प्रश्न तेव्हा बोलू.